रक्तातला मुक्काम

माझी लेक पद्मजा चिकटवण्याचा धंदा करते, असं मी लोकांना सांगतो. लोकांना वाटतं डिंकाची फॅक्टरी असेल. कुपवाडच्या एमआयडीसीत ‘अनुवेध रिएजंट्स’ नावाची कंपनी आहे, तिथं ती अँटिबॉडी बनवते. रोग्याला टोचायच्या नव्हेत, तर जगभरच्या प्रयोगशाळांना लागणाऱ्या. बोटाएवढ्या कुपीत भरून, बर्फात घालून पाठवायच्या. प्रत्येक कुपीवर छापलेलं असतं : केवळ संशोधनासाठी.

मी मिरजेच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, तरी तिचं काम समजून घेता घेता माझ्या नाकी नऊ आले. समजलं तेवढं सांगतो. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वरवर बऱ्याचशा सारख्या दिसतात. पण प्रत्येकीच्या अंगावर हजारो प्रथिनं उभी असतात, दारावरच्या पाट्यांसारखी. त्यांना रिसेप्टर म्हणतात. पेशी कुठली, काय काम करते, चवताळलेली आहे की निजलेली, हे त्या पाट्यांवरून कळतं. अडचण एवढीच की साध्या सूक्ष्मदर्शकातून पाट्या वाचता येत नाहीत. मग अशी अँटिबॉडी बनवायची की ती एकाच जातीच्या पाटीला जाऊन चिकटेल, आणि तिला चमकणारा रंग बांधून ठेवायचा. पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडल्या की रंग चमकतो आणि यंत्र म्हणतं, ही बघा, सापडली.

“चिकटायला काय, कुठलीही चिकटते, आप्पा,” पद्मजा म्हणायची. “भलत्या ठिकाणी न चिकटणारी पाहिजे. खरी कसोटी ती.”

त्या कसोटीचं तिला वेड होतं. ज्यांच्यावर पाटी आहे अशा पेशी घ्यायच्या, आणि ज्यांच्यातून पाटीचं जनुकच काढून टाकलंय अशाही घ्यायच्या. दुसऱ्यांवर जरा जरी रंग चमकला, तर सगळी बॅच टाकून द्यायची. एकदा माल न्यायला आलेला माणूस खाली बसलेला असताना तिनं वर अख्खी बॅच बाद केली होती. मॅनेजर डोक्याला हात लावून बसला. हिचं म्हणणं, कुणीतरी कुठंतरी माझ्या कुपीच्या भरवशावर औषध शोधत असणार, त्याला मी फसवू? शाळेत चाळीस पोरांना पास करताना मी एवढा विचार कधी केला नव्हता. हा गुण तिनं आईकडून घेतला असावा.

श्रेयांस तिच्या पाठचा. महापुराच्या वर्षी हरिपूरच्या बाजूला अडकलेल्या लोकांना काढायला बोट घेऊन गेलेल्या पोरांत तो होता. बोट उलटली. बाकीची पोरं सापडली, तो सापडला नाही. कृष्णेचं पाणी उतरल्यावर आम्ही पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत काठाकाठानं फिरलो. विशीतलं पोर. आम्ही जैन, आमच्यात श्राद्ध नसतं, तिथीला पान वाढायचं नसतं. आत्मा देह सोडतो तो त्याच क्षणी दुसऱ्या जन्माला जातो, मागच्यांच्या रडण्यानं त्याचं काही भलं होत नाही, असं शास्त्र सांगतं. शास्त्र बरोबरच असेल. पण वैजयंतीला, म्हणजे माझ्या बायकोला, रडण्यासाठी ना देह मिळाला ना दिवस. ती रोज बस्तीत, आमच्या मंदिरात, जायची, यायची, पाणी गाळायची, दिवस मावळायच्या आत आम्हाला जेवायला वाढायची. श्रेयांसबद्दल एक शब्द बोलायची नाही. अशी कैक वर्षं गेली.

मग पद्मजाच्या हातात तो रिसेप्टर आला.

बाळ पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात आणि तिथं वर्षानुवर्षं राहतात, हे ज्ञान जुनंच आहे. कोडं एवढंच होतं की आईचं शरीर परक्या पेशी मारून टाकतं, मग ह्यांनाच कसं सोडतं? परदेशातल्या एका गटाला उत्तर सापडलं. ह्या पेशींवर एक पाटी असते, दुसऱ्या कशावरही नसते. ती आईच्या पहारेकऱ्यांना सांगते, मी घरचाच आहे. तिचं खरं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. पद्मजाच्या लॅबमधली पोरं तिला ‘घरजावई’ म्हणायची.

घरजावयाला ओळखणारी अँटिबॉडी पद्मजानं बनवली. तपासायला आया झालेल्या बायकांचं रक्त हवं. नवी अँटिबॉडी आली की आधी आपलाच दंड पुढं करायचा, मग घरच्यांचा, अशी तिथली रीत. एका रविवारी ती आम्हा दोघांचंही रक्त घेऊन गेली. पुरुषाच्या रक्तात हे पाहुणे असायचं कारण नाही, म्हणून माझं तुलनेसाठी. आयुष्यात मी पहिल्यांदाच काहीतरी नसल्यामुळं उपयोगी पडत होतो.

माझं रक्त कोरं निघालं. वैजयंतीच्या रक्तात मात्र यंत्राच्या पडद्यावर ठिपक्यांचा ढग उठला. पद्मजानं त्या पेशी वेगळ्या काढल्या, जनुकं वाचली. अर्धी आईची, अर्धी माझी, आणि जात पुरुषाची. वैजयंतीला दुसरा मुलगा कधी झालेला नव्हता.

पद्मजानं ते आईला सांगितलं. सांगितलं नसतं तर? पण सात वर्षं मुकी झालेली आई समोर असेल, तर कोणती लेक गप्प बसेल?

वैजयंती वाल सोलत होती. सालपटाचा हात तिनं पदराला पुसला. “कुठं आहे?”

“सगळीकडं. रक्तात, हाडाच्या मगजात.”

“जिता?”

“पेशी जिवंत आहेत, आई. म्हणजे श्रेयांस नव्हे. त्याच्या पेशी.”

पण तोवर तिला ऐकायचं ते ऐकून झालं होतं. ती उठली, तोंड धुतलं आणि ओट्यापाशी उभी राहून खूप रडली. मग खपली गव्हाची खीर केली. ती त्याला आवडायची. सात वर्षं आमच्या घरात खीर झाली नव्हती.

त्यानंतरचं वर्ष आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं वर्ष. विज्ञानाचा मास्तर म्हणून मी सुरुवातीला नाक मुरडलं, पण बायको पुन्हा हसायला लागल्यावर मास्तरकी खुंटीला टांगली. ती बोलायला लागली. दोन घास जास्त जेवायची आणि म्हणायची, “त्याला पोचतंय की.” जिना चढताना सांभाळायची, ऊन टाळायची. गरोदर बाई वागते तशी साठीजवळची बाई वागत होती. लोक हसतील म्हणून मी कुणाला बोललो नाही.

एका सकाळी पद्मजानं न्याहारी करता करता विचारलं, “आई, माझ्या किती सापडल्या, ते तू विचारलं नाहीस.”

“किती?”

“एकही नाही.”

“मग काय झालं? तू आहेस की बाहेर, माझ्यासमोर. त्याला दुसरी जागा आहे का?”

पद्मजानं मान डोलावली आणि पुढं काही खाल्लं नाही. डबा विसरूनच ती कंपनीत गेली. वैजयंतीच्या ते ध्यानातही आलं नाही, आणि त्या दिवशी मला तिचा राग आला.

दुसऱ्या हिवाळ्यात वैजयंतीची बोटं पांढरी पडायला लागली. नळाच्या पाण्याला हात लागला की आधी पांढरी, मग निळी. थंडी म्हणून सोडून दिलं. मग हातांची कातडी आवळायला लागली, चकचकीत आणि ताठ झाली. बस्तीत नमस्काराला तळवे एकमेकांना टेकेनात. मग दम लागायला लागला. बस्तीच्या पायऱ्यांवर ती दोनदा बसायची.

डॉ. रेहाना शिकलगार माझी जुनी विद्यार्थिनी. तिनं तपासण्या केल्या आणि आम्हा तिघांना समोर बसवलं.

“सर, तुम्हाला लपवून काय सांगू? अंगातल्या ज्या पेशी पद्मजानं शोधल्या, त्याच हे करतायत. इतकी वर्षं त्या शांत होत्या. आता बिथरल्यात. त्यांना हे शरीर परकं वाटायला लागलंय आणि त्या कातडीवर, फुप्फुसावर तुटून पडल्यात.”

“म्हणजे,” वैजयंती म्हणाली, “त्याला मी ओळखू येईना झालो?”

आमच्याकडच्या बायका पुरुषांसारखं ‘आलो-गेलो’ असंच बोलतात. चिडली किंवा घाबरली की वैजयंतीच्या तोंडी ते हटकून यायचं. रेहानानं औषधाचं सांगितलं. पद्मजाच्याच अँटिबॉडीवरून एका औषध कंपनीनं ते बनवलं होतं. कुपीतली ती रंग बांधून जाते. औषधातली विष बांधून जाते. त्याच पाटीला चिकटते आणि तेवढीच पेशी मारते. चाचण्यांत शेकडो रुग्णांवर वापरून झालं होतं आणि गुण चांगला येत होता. तीन वेळा सलाईनमधून द्यायचं.

“आणि नाही घेतलं तर?”

“फुप्फुस असंच आवळत गेलं, तर पुढचा पावसाळा मी सांगू शकत नाही.”

वैजयंती खुर्चीतून उठली. “पाण्यातला किडा मरू नये म्हणून मी पाणी गाळून पितो, बाई. पोटच्या पोराला मारायचं औषध घेऊ?”

घरी येऊन मी शास्त्र काढलं. गरज पडली की शास्त्र काढायचं, ही माझी जुनी खोड. म्हटलं, “अगं, त्याचा आत्मा त्याच दिवशी गेला. दुसरीकडं जन्माला आला. कुठंतरी आठ वर्षांचं पोर होऊन खेळत असेल. तुझ्यात आहे ते नुसतं शरीर.”

“शास्त्र मला नका शिकवू. आत्मा गेला, कबूल. पण अंग तरी मिळालं का मला? लोकांना अंग मिळतं. हे एवढंच त्याचं अंग आहे आणि ते माझ्याजवळ आहे.”

मी शास्त्र मिटून ठेवलं.

पद्मजा हार मानणारी नव्हती. आईच्या रक्तातून त्या पेशी काढून बाहेर जगवायच्या, म्हणजे आतल्या मारल्या तरी थोड्या उरतील, असं तिच्या मनात आलं. तिनं रजा घेऊन, कंपनीची परवानगी काढून प्रयत्न केले. काचेच्या बशीत त्या आठवडाभर टिकायच्या आणि विझायच्या. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवल्या तर वितळवल्यावर एकही उठायची नाही. आईच्या हाडातल्या मगजाशिवाय त्यांना जगताच येत नव्हतं. तिनं हे येऊन सांगितलं तेव्हा वैजयंतीला वाईट वाटलं नाही, उलट अभिमान वाटला. “माझ्याशिवाय कसा राहील तो,” म्हणाली.

उन्हाळा संपेतो घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. नाकात नळी. सोप्यातून स्वयंपाकघरात जायचं तर मध्ये थांबायची. पद्मजा तिची वेणी घालायची, कारण आवळलेल्या बोटांनी तिला केस धरता येत नव्हते. एकदा वेणी घालता घालता पद्मजा म्हणाली, “आई, मी काय करू सांग. मी तुझी कुणी लागते का नाही?” वैजयंती म्हणाली, “अशी बोलू नको गं.” आणि दोघी रडल्या. पण औषधाला तयार झाली नाही.

मग मी पद्मजाला घेऊन गच्चीवर गेलो आणि म्हटलं, “तिला सांग, चूक झाली होती. त्या पेशी श्रेयांसच्या नाहीतच.”

तिला आधी समजलंच नाही. मग म्हणाली, “आप्पा, खोटं?”

“खोटं. अँटिबॉडी भलत्याच पाटीला चिकटत होती म्हण. पेशी आईच्याच, पण बिघडलेल्या.”

“आणि जनुकं? पुरुषाची आली ती?”

“त्या दिवशी माझंही रक्त घेतलं होतंस. नळ्या शेजारी शेजारी होत्या. घोळ झाला म्हण.”

ती माझ्याकडं बघत राहिली. कुणाला चोर म्हटलं तर तो कसा बघेल, तशी. “माझी अँटिबॉडी स्वच्छ आहे. माझ्या हातून नळी कधी बदललेली नाही. तेवढं एकच तर मला नीट येतं, आप्पा. त्यालाच मी खोटं म्हणू?”

“आई पाहिजे का नको?”

हा प्रश्न मी लेकीला विचारायला नको होता. पण बुडत्याला काडीचा आधार. आणि ती काडी कुणाच्या काळजातून उपटतोय, हे बुडणारा बघत नाही.

दोन दिवसांनी, दिवस कलताना, पद्मजा सोप्यात आईसमोर बसली. मी दारात उभा होतो. तिनं सगळं सांगितलं. अँटिबॉडी चुकीची निघाली, भलत्याच रिसेप्टरला चिकटत होती. जनुकं वाचायच्या वेळी आप्पांच्या नळीतलं रक्त मिसळलं. “मीच केलं, आई. निष्काळजीपणा झाला. तो तुझ्यात नाही. कधीच नव्हता. आहेत त्या तुझ्याच आजारी पेशी.” शेवटी तिचा आवाज फाटला. ते खरंच रडणं होतं, त्यात नाटक नव्हतं. फक्त रडण्याचं कारण दुसरं होतं.

यंत्राचा आवाज येत होता. मला वाटलं, आता वैजयंती ओरडेल, मारेल. तिनं ताठलेला हात पद्मजाच्या गालावर ठेवला. बोटं वाकत नव्हती, म्हणून नुसती टेकवली.

“कंपनीत कळलं तर तुला काढतील का गं?”

“नाही, आई.”

“बरं.” ती खिडकीकडं वळली. “मग रेहानाला फोन लाव. कधी यायचं विचार. आणि जेवून घे आधी, दिवस मावळायला आलाय.”

मी सुटकेचा श्वास टाकला. मनात म्हटलं, जमलं. आपण फार हुशार आहोत असं मला त्या संध्याकाळी वाटलं, हे इथं नोंदवून ठेवतो.

औषध पाण्यासारखं निर्मळ होतं. रेहानानं सुई लावली. वैजयंतीनं डोळे मिटले आणि णमोकार मंत्र, आमच्यात रोज म्हणतात आणि मरणाऱ्याच्या कानातही म्हणतात तो, म्हणायला लागली. पहिला थेंब पडल्यापासून बाटली रिकामी होईतो ती थांबली नाही. दम पुरत नव्हता, नळी नाकात होती, तरी थांबली नाही. नर्स म्हणाली, घाबरल्यात. मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या वेळी तसंच. तिसऱ्या वेळी शेवटी शेवटी तिचा आवाज अगदी बारीक झाला, पाळण्यापाशी म्हणावा इतका.

गुण आला. कातडी हळूहळू सैल झाली. बोटं आधी अर्धी मिटली, मग पूर्ण. ऑक्सिजनचं यंत्र परत दिलं. दिवाळीच्या आधी रेहानानं पुन्हा रक्त घेतलं आणि तपासायला पद्मजाच्याच लॅबमध्ये पाठवलं, कारण ती अँटिबॉडी तिथंच होती. पद्मजानं कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः यंत्रावर बसली. वैजयंतीनं हट्ट धरला, मला बघायचंय. म्हणून आम्ही दोघंही काचेच्या पलीकडं उभे राहिलो. पडद्यावर नेहमीच्या पेशींची गर्दी दिसत होती. कोपऱ्यात, जिथं पूर्वी ढग उठला होता, तिथं काहीच नव्हतं. पद्मजानं नळी पुन्हा लावली. पुन्हा काही नाही. तिनं आमच्याकडं वळून अंगठा वर केला, रिपोर्ट चांगला आला की करतात तसा. मग तो हात तसाच खाली घेतला आणि ती पडद्याकडं तोंड करून बसून राहिली.

आम्ही तिघं घरी येताना गाडीत मी आपला काहीतरी बडबडत होतो, आता जरा फिरून येऊ, श्रवणबेळगोळला जाऊ, असं. दारात आल्यावर वैजयंती आत जाईना. उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभी राहिली.

“काय झालं? चल की आत.”

“पाणी तापवा आधी,” ती म्हणाली. “डोक्यावरून घ्यायचंय. तुम्हा दोघांना पण. आजपासून बारा दिवस बस्तीत पूजेला हात लावायचा नाही. शेजारी कुणी विचारलं तर सांगा, सुतक आहे.”

श्रेयांस गेला तेव्हा तिनं आम्हाला सुतक धरू दिलं नव्हतं. अंग मिळाल्याशिवाय मी सुतकाची अंघोळ करणार नाही, म्हणाली होती. आणि आम्ही दोघंही तिच्यासमोर बोललो नव्हतो.

मी मूर्खासारखा विचारून बसलो, “सुतक? कुणाचं?”

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पद्मजाकडं बघत म्हणाली, “माझ्या लेकीची अँटिबॉडी कधी चुकली आहे का? नळी बदलेल ही? हिनं माझ्यापायी स्वतःच्या कामाला खोटं म्हटलं. मग मी तरी किती दिवस एकाचंच धरून बसू? ही पण माझीच की.”

पद्मजा पायरीवरच बसली. वैजयंती तिच्याजवळ वाकली, मोकळ्या झालेल्या बोटांनी तिचं डोकं पोटाशी धरलं, आणि मग तिचा बांध फुटला. मुलाचं नाव घेऊन ती मोठ्यानं रडली, आई रडते तसं, गल्लीतली दारं उघडेपर्यंत.

मी आत गेलो आणि बंब पेटवला.